काळा सोडून बाकीचे

आमच्या कळव्याच्या सोसायटीत कुत्र्यांचा सगळ्यात जास्त तिटकारा कोणाला? सेक्रेटरी हरिहरकाकांना. आणि दर शनिवारी सकाळी सात वाजता गेटवर काळूला तेल लावलेली पोळी कोण घालतं? त्यांचीच बायको, सुहासिनीकाकू. काकांना साडेसाती लागलीय ना! ज्योतिषाने सांगितलंय, शनिवारी काळ्या कुत्र्याला घाला. आता बी विंगमधले आणखी चौघं आपापल्या पोळ्या काकूंच्याच ताटात ठेवतात. एवढ्या लोकांना एकदम शनी कसा काय लागला, देव जाणे.

पोळ्या पाच आणि काळू एक. मग वासाने नाक्यावरची सात-आठ कुत्री येतात आणि गेटमध्येच मारामारी सुरू. गेल्या महिन्यात त्यात माझी संचिता सापडली. दुसरीत आहे, शनिवारी तिची अर्धी शाळा असते. पोटरीत दात गेले, हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. तेव्हापासून पोरगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबते, मी उचलून व्हॅनमध्ये बसवते. वीस किलोची पोर, माझी कंबर गेली कामातून; पण ते जाऊ दे. तिने स्वतःच्या पायांनी गेटपर्यंत जावं, एवढंच मला हवं होतं.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, "खायला घाला ना, कोण नको म्हणतंय? पण पंपरूमच्या मागे घाला. तिकडे पोरं जात नाहीत. आणि महापालिकेला सांगून सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घेऊ."

"छे छे!" हरिहरकाका म्हणाले. "उपाय दारातच करायचा असतो. आपलं दार म्हणजे गेट."

मग ठराव झाला. सगळी कुत्री टेम्पोत भरून आंबिवलीला सोडायची. काळा सोडून.

"आंबिवलीत काय माणसं राहत नाहीत?" मी विचारलं. "आणि असं उचलून सोडता येत नाही, कायदा आहे."

"रुचिता, भावनेच्या भरात बोलू नकोस," काका म्हणाले. शनीला घाबरणारे ते, आणि भावनेच्या भरात मी! नशीब, टेम्पोवालाच शहाणा निघाला, नाही म्हणाला.

परवाच्या शनिवारी मी संचिताला हात धरून खाली आणलं. गेटवर काकू ताट घेऊन उभ्या, भोवती कुत्री. पोरीने माझी ओढणी घट्ट धरली आणि काकूंना विचारलं, "आजी, मी आधी जाऊ का?"

काकू घड्याळ बघत म्हणाल्या, "जा बाळा, पटकन जा. माझी वेळ टळतेय."

बस्स, माझं डोकंच सटकलं.

"काकू, साडेसाती तुमच्या घरात आणि इंजेक्शनं माझ्या पोरीला, हे कुठल्या पत्रिकेत लिहिलंय?" मी ताट हिसकावलं आणि तरातरा पंपरूमकडे निघाले. मागून अख्खी वरात, सगळ्यात पुढे काळू.

"अगं, उपाय फुकट गेला!" काकू ओरडत राहिल्या.

पोळ्यांचे तुकडे करून मी लांब लांब टाकले आणि वळून पाहिलं. गेट मोकळं होतं. संचिता एकटी चालत गेली आणि व्हॅनमध्ये चढली. मला तिथेच रडू फुटलं.

संध्याकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज आला. एका सभासदाने दुसऱ्याच्या उपायात अडथळा आणला आहे, लेखी माफीनामा द्यावा.

दिला ना. लिहिलं, "चुकले. पुढच्या शनिवारी ताट घेऊन सरळ पंपरूममागे या, नाहीतर परत चुकेन."