जोडी प्लॅनमधला दुसरा नंबर

मेसेज आला तेव्हा मी कणीक मळत होते. सुनेनं वाचून दाखवला: जुना जोडी प्लॅन बंद होतोय, महिनाअखेर दोन्ही नंबर नव्या प्लॅनवर जातील. मी पिठाच्या हातांनीच तिच्याकडून फोन हिसकावून घेतला. मी वाचलं तर काही वेगळं निघणार होतं थोडंच!

आमच्या आत-बाशी गावात पोरगा रशियाला कामाला निघाला की आई आपल्या पासपोर्टवर जोडी घ्यायची. एक नंबर घरी, एक त्याच्या खिशात, आपसातलं बोलणं फुकट. पुढे कंपनीनं तो विकणं थांबवलं. ज्यांच्याकडे होता त्यांचाच चालू राहिला. बाकीच्या बायकांनी इंटरनेटच्या हव्यासापायी बदलून टाकला. मी नाही बदलला. माझा तिलेक दोन वर्षांमागे अचानक गप्प झाला. तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला फोन लावते आणि रोज ती कंपनीची बाई सांगते, संपर्क होऊ शकत नाही. त्या बाईला मी काय काय बोलले असेन, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंबर मरू नये म्हणून त्यावर पैसे भरत आले. भरलेले पैसे आपोआप संपायचे. कंपनी खाते, असं सगळं गाव म्हणतं. खाईना का मेली, म्हटलं, नंबर जिवंत ठेव म्हणजे झालं. नव्या प्लॅनमध्ये न वापरलेला नंबर काढून दुसऱ्याला विकतात. माझ्या लेकाच्या नंबरावर कुणी परका "हॅलो" म्हणणार, हे मी कसं चालवून घेणार?

मेसेजच्या तळाशी एक फट होती. दोन्ही नंबर वापरात असतील, तर ऑफिसात येऊन जुना प्लॅन ठेवता येईल. म्हणजे खोटं बोलायचं, नाहीतर रडायचं. मी दोन्हीची तयारी केली, वर कुरूतची पिशवी घेतली. आमच्याकडच्या त्या आंबट, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांना सरकारी माणूससुद्धा नाही म्हणत नाही. बेगिमाय, माझी सून, तिलेकची बायको, माझ्यासोबत व्हॅनमधून नारीन शहरातल्या ऑफिसात आली. तिच्या माहेरचे तिला केव्हापासून परत बोलावत होते. नंबर चालू आहे म्हणजे माणूस आहे, असं सांगून मीच तिला धरून ठेवलं होतं.

काउंटरवर एरमेक नावाचा कोवळा पोरगा होता. मी पिशवी पुढे सरकवली.

"हे काय, आपा?" आमच्याकडे थोरल्या बाईला सगळे आपाच म्हणतात.

"खा, वाळून काटकी झालायस. आणि माझी जोडी तोडू नकोस."

"दुसरा नंबर कोण वापरतं?"

"माझा मुलगा. रोज बोलतो माझ्याशी," मी ठोकून दिलं आणि लगेच माझा बांध फुटला. "नाही बोलत रे, बाळा. दोन वर्षं फोन बंद आहे त्याचा. पण येईल तो. तेवढा नंबर मारू नकोस. पाया पडते तुझ्या."

एरमेकनं पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरवर पाहिलं, परत पाहिलं.

"रडताय कशाला, आपा? नंबर चालू आहे की. कालसुद्धा वापरलाय."

"कंपनी खाते पैसे," मी म्हटलं.

"कंपनी कशाला खाईल? फोन केलेत. हे बघा, दोन्ही नंबर तुमच्याच नावावर आहेत, म्हणून दाखवतोय." त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. फोनच फोन होते. आमच्या नंबरावर एकही नव्हता.

बेगिमायनं हळूच विचारलं, "मग आम्ही लावला की बंद का लागतो?"

एरमेकचे कान लाल झाले. "ब्लॉक केलं असेल, ताई."

जिवंत आहे! माझ्या मनात आधी आनंदच उसळला, खोटं कशाला बोलू. मी मागे वळून रांगेतल्या पहिल्याच माणसापुढे हात पसरला. "भाऊ, फोन दे जरा." त्यानं मुकाट्यानं दिला. नंबर मला पाठ होता.

रिंग वाजली. दोन वर्षांत पहिल्यांदा वाजली.

"हॅलो? कोण?" रशियनमध्ये बोलला. आवाज भरदार होता, खाऊनपिऊन सुखी माणसाचा असतो तसा.

"तिलेक, मी आहे रे. आई."

त्याचा श्वास ऐकू आला. मागे कुणीतरी हसत होतं. मग फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. संपर्क होऊ शकत नाही. मग त्यामागच्या बाईचा फोन घेतला. मग विद्यार्थिनीचा, मग मेंढपाळाचा. लोक न मागता फोन पुढे करत होते, एका म्हाताऱ्यानं तर लॉक उघडून दिला. सगळ्यांच्या फोनवर तीच कंपनीची बाई.

"आपा, पुरे," बेगिमायनं माझं मनगट धरलं. "लोक बघताहेत."

"बघू दे! आजारी असेल. कुणी दमदाटी करत असेल त्याला."

"कुणी दमदाटी करत नाहीये," ती म्हणाली. रडत नव्हती ती, तेच मला जास्त लागलं.

एरमेकनं खाकरून विचारलं, "मग प्लॅन... नियमात बसतो तुमचा. ठेवायचा का?"

"बंद करा," बेगिमाय म्हणाली.

"पासपोर्ट माझा आहे," मी ओरडले. "ठेव!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं ही पोर माझ्या चुलीपाशी बसून होती, आणि तो तिकडे माझ्याच पैशानं लोकांशी गप्पा मारत होता. मेला असता तर आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो असतो. आता तिच्या गळ्यात पडायला मला तोंड उरलं नव्हतं.

प्लॅन ठेवायच्या कागदावर मी सही केली.

"तू आज माहेरी जा," मी बेगिमायला म्हटलं. "इथूनच जा. सामान मी पाठवते."

"आणि तुम्ही?"

"माझ्या पोटचा आहे तो. त्याची वाट बघायला मी एकटी पुरे."