शेकोटीपाशी वारा घालणारा पंखा

मित्रांनो, खुंटीवर टांगलेला, लाल काठ उसवलेला बांबूचा जुना पंखा दिसतो ना, तोच मी. महागावजवळच्या एका खेड्यात उकंडा बुरुडाने मला विणले. मथुराबाईंनी मला घेतले ते मरीआईला वारा घालायला. देवीचा पंखा म्हणून मी तेव्हा भलताच ताठ्यात असे.

छप्पन साली मथुराबाई नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या आणि घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातांनी पूस नदीत सोडले. त्यांचे पाहून वस्तीतल्या इतर बायांनाही धीर आला. मला मात्र त्यांनी ठेवून घेतले. पंखा काही देव नाही, कामाची वस्तू आहे, असे म्हणाल्या. मग माझी रवानगी चुलीपुढे झाली. खोटे कशाला सांगू, मला ते फार लागले.

चार-पाच वर्षे गेली. पौषात सारी वस्ती शेकोटीवर हात शेकत बसलेली असताना मथुराबाईंच्या छातीतून एकदम आग उसळू लागली. मान-तोंड लाल होई, लुगडे घामाने भिजे, हात थरथरत. एवढ्या थंडीत त्या मला हाती घेत. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. पाळी थांबत आली आहे हे त्यांना कळत होते. पण ही आग कसली ते कळेना. बाईच्या अंगात देवी येते तेव्हा असाच घाम, असाच कंप. त्यांची धाकटी जाऊ कौसल्या घाबरून म्हणाली, "बाई, देवी पाण्यात सोडली अन् तिचा पंखा ठेवला. तिचाच कोप हाय हा. परत बसव तिले."

साऱ्या बाया मथुराबाईंकडे पाहत होत्या. त्यांनी देवी बसवली असती तर घरोघरी देव परत आले असते आणि दीक्षेचा शब्द मोडला असता. त्यांनी मला खाली ठेवले. मग म्हणाल्या, "आधी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईले दाखवतो. तिले नाही समजलं, तर तू म्हणशीन तसं."

मोटारीत मी त्यांच्या मांडीवर होतो. डॉक्टर विमलताईंनी रक्तदाब पाहिला, छाती-पोट तपासले, घरात कुणाला गाठीचा आजार होता का ते विचारले. पाळी थांबताना बाईच्या शरीरात बनणारे हार्मोन कमी पडते, त्यानेच हा जाळ उठतो, असे त्यांनी समजावले. तेच गोळीतून थोडे द्यायचे. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुटी.

"आग एका दिवसात जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी मळमळेल, छाती जड वाटेल. सुटीच्या दिवसांत थोडं रक्तही दिसेल. घाबरू नका. पण जास्त गेलं किंवा छातीत गाठ हाताला लागली तर लगेच या. गोळी मनानं वाढवायची नाही, आणि ती जन्मभराचीही नाही."

तसेच झाले. मळमळ झाली, ओसरली. सुटीत रक्त दिसले तेव्हा कौसल्या रडू लागली. मथुराबाई शांतपणे म्हणाल्या, "हे होईन म्हणून बाईनं सांगतलं होतं." त्यांचा तो धीर पाहून मला फार अभिमान वाटला. पुढे काय होणार हे आधी कळले की माणूस किती खंबीर होतो!

हळूहळू माझी गरज कमी झाली. कामावरून दूर केलेला पंखा रुसतो, पण मी रुसलो नाही. पुढच्या पौषात मथुराबाईंनी शेकोटीवर दोन्ही हात धरले आणि थंडी फार आहे म्हणाल्या. बाया हसल्या. देवी कुणीच परत बसवली नाही. पुढे विमलताईंनी गोळी कमी करत बंद केली. आग थोडी परतली आणि निघून गेली.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. काही वर्षांनी त्याच शेकोटीपाशी कौसल्येच्या कपाळावर घाम फुटला. तिने घाबरून जावेकडे पाहिले. मथुराबाई उठल्या, त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि तिला वारा घालू लागल्या.

"कोप नाही हा, वय हाय," त्या म्हणाल्या. "उद्या दोघी जाऊ."

मित्रांनो, माझा काठ नाही शिवलात तरी चालेल. पण भर थंडीत तुमची आई पदराने वारा घेऊ लागली तर हसू नका. तिच्याजवळ बसा, तिला वारा घाला, आणि डॉक्टरांकडे तिला एकटीला पाठवू नका.