पुकारलेलं नाव

२००६ च्या डिसेंबरात संगणकांची देखभाल करणाऱ्या अनघाने मारेगावच्या एका कापूस खरेदी केंद्राच्या सर्व्हरवर एक फाइल बदलली. काम दहा मिनिटांचं होतं. केंद्राची पत्रं छापणारा प्रोग्रॅम नावं अशुद्ध छापतो, अशी व्यवस्थापकांची तक्रार होती. नव्या फाइलमुळे 'निलकंट'चा 'नीळकंठ' आपोआप होऊ लागला. अनघा समाधानाने यवतमाळच्या एस.टी.त बसली.

तिसऱ्या दिवशी उकंडाजींचा फोन आला. केंद्राच्या आवारातल्या भोंग्यावरून ते शेतकऱ्यांना नंबराप्रमाणे नावाने पुकारत.

"मॅडम, जमुना राठोड नावाची बाई सापडूनच नाही राह्यली. कालपासून पुकारतो. आन् इकडे एक म्हातारी बैलगाडी घेऊन कालपासूनच बसली हाये. जमनी राठोड. तिचं नाव यादीत नाही."

अनघा म्हणाली, "त्यांना जाऊ देऊ नका, उकंडाजी. मी येते."

दुपारी पोचल्यावर तिने सर्व्हर उघडला आणि तिला हवं ते, म्हणजे नको असलेलं, लगेच दिसलं. पत्रांचा प्रोग्रॅम आणि नंबरांची यादी काढणारा प्रोग्रॅम, दोघेही नावं लिहायला एकाच लायब्ररीवर विसंबून होते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा सामाईक कोड. तिने ती एकासाठी सुधारली आणि दुसरा कोण वापरतो हे पाहिलंच नाही. लायब्ररीला 'जमनी' हे नाव ठाऊक नव्हतं. चूक समजून तिने त्याचं 'जमुना' केलं होतं. यादीतला शामही श्याम झाला होता, पण तो हाकेला उठून गेला होता.

अनघाने जुनी फाइल परत आणली, नवीही शेजारी ठेवली, आणि कोणत्या प्रोग्रॅमने कोणती वापरायची ते नेमून दिलं. यादीत 'जमनी राठोड' आलं. मग ती बाहेर गेली.

जमनीबाई गाडीच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. ओढणीवरची आरशाची टिकली उन्हाच्या कवडशात चमकत होती.

"मावशी, चूक माझी झाली," अनघा त्यांच्यापाशी बसत म्हणाली. "तुमचं नाव मशीनने बदललं, ते माझ्यामुळे. दोन दिवस तुम्हाला बसवून ठेवलं."

"असं हाये का." जमनीबाईंनी ओढणी सावरली. "मले वाटलं, दुसरी कोणी जमुना असन."

"तुम्ही विचारलं का नाही?"

"इचारलं ना एकडाव. नाव नाही म्हनले. मंग बसली ऐकत." त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "माह्या लहान्या बहिनीचं नाव जमुना. आमाले दोघींले एकाच घरात देलं होतं, दोघा भावांले. तीबी राठोडच. जाऊन नऊ वर्सं झाली. तांड्यात आता तिचं नाव कोणी घेत नाही. इथं दोन दिवस भोंग्यावर घेऊन राह्यले होते."

अनघाने विचारलं, "कशी होती ती?"

"लय हसे. कापूस वेचताना तिचा आवाज वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर ऐकू ये."

जमनीबाई सांगत गेल्या. पोळ्याला जमुनाने बैलाच्या शिंगांना स्वतःच्या बांगड्या घातल्या होत्या, ते सांगताना त्यांना हसू आलं आणि डोळेही पुसावे लागले. उकंडाजी दोनदा दारापर्यंत आले आणि परत गेले. तिसऱ्यांदा त्यांनी भोंग्यावर न पुकारता जवळ येऊन म्हटलं, "जमनीबाई, चाला. काटा रिकामा हाये."

कापूस मोजून झाला तेव्हा चार वाजले होते. अनघाने सर्व्हरजवळच्या भिंतीवर एक कागद लावला: कोणती लायब्ररी कोणकोणते प्रोग्रॅम वापरतात. पुढे कोणतीही फाइल बदलण्याआधी ती तो वाचायची आणि उकंडाजींना फोन करून यादी तपासून घ्यायची.

जानेवारीत मारेगावहून आलेल्या एस.टी.च्या वाहकाने यवतमाळच्या स्टँडवर तिला एक पिशवी दिली. तिचं तोंड आरशाची टिकली असलेल्या ओढणीच्या चिंधीने बांधलं होतं. आत उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या, अजून कोमट.