विचारलं तरच बोलणारा

सीपच्या वाढदिवसाला डच रिवाजाप्रमाणे, दरवर्षीसारखं खुर्च्यांचं कडं मांडलं होतं. आल्यागेल्याने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, एकच तुकडा केक घ्यायचा आणि कॉफी संपेपर्यंत हलायचं नाही. योरिन भिंतीकडच्या खुर्चीत दोन नणंदांच्या मध्ये अडकली होती, आणि समोर तिचं पोर पांढरंफटक पडत चाललं होतं.

"आई, डोकं दुखतंय," सीप म्हणाला आणि गालिच्यावरच ओकला.

सीपच्या डोक्यात साठणारं पाणी एक बारीक नळी पोटात उतरवते. ती तुंबली की सुरुवात अशीच होते. म्हणून तर कानामागे, कातडीखाली, नळीला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता. त्याला बॅटरी नाही. वरून यंत्र टेकवून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडला, की त्याच आवाजाच्या बळावर तो जागा होतो आणि आतला दाब सांगतो. फक्त मध्ये जेल लागते. जराशी हवा राहिली तरी तो मुका.

जेलची ट्यूब रिकामी होती. सकाळ-संध्याकाळ बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. योरिन मात्र जाता-येता बघायची.

"दवाखान्याचा फोन अजून रांगेतच आहे," तिचा नवरा वाउट ओरडला.

"हे लाव की!" सासूने, म्हणजे सीपच्या आजीने, ओमा हिलचेने, केकवरच्या क्रीमचं भांडं पुढे केलं. योरिनने थापलं. यंत्रावर नुसती सरळ रेघ.

"अगं, फेटलेलं ते. सगळी हवाच," थोरली नणंद म्हणाली. "आईच्या क्रीममध्ये दुसरं असतं काय!"

"मला आंघोळ घाल ना," सीप रडवेला झाला. "वास येतोय."

पाणी! योरिनने त्याला उचललं आणि गुडघ्यांची रांग तुडवत न्हाणीघर गाठलं. टब भरला, कान बुडवला, यंत्रही बुडवलं. मग बटण दाबलं.

आकडा आला. नेहमीचाच. तिने तो ओरडून वाउटला सांगितला.

"केक किती खाल्लास रे?"

"तीन तुकडे. ओमाने स्वयंपाकघरात दिले. सांगू नको म्हणाली."

वाउट दारात आला. "लागला फोन. आकडा सांगितला. झोपताना पुन्हा बघा म्हणाले. एकदाच."

"आई, आपण विचारलं नाही, की कानामागचा तो दाणा झोपतो?" सीपने विचारलं.

"हो, बाळा."

"मग झोपू दे ना त्याला. सारखी उठवतेस."

तिने यंत्र टबाच्या काठावर ठेवलं. बाहेर खुर्च्या पुन्हा सरकल्या, कोणीतरी कॉफी ओतली. तिची ओली बोटं मात्र बटणावरून निघेनात.