निरोपाचे टॉवेल

मार्च अर्धा सरला होता. एका संध्याकाळी शेजारच्या इसोगाईकाकू टॉवेलांचा खोका घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं तुमचा शेजार लाभला. आता जिथे जाल तिथे तब्येतीला जपा हं."

मी कुठे जाणार आहे हे मला माहीत नव्हतं. मुळात मी जाणार आहे हेच मला माहीत नव्हतं. खोक्यावर पांढरा कागद, त्यावर लाल-पांढरी दोरी छापलेली आणि ब्रशने सुबक अक्षरांत ‘निरोपादाखल’ असं लिहिलेलं. अशी भेट नाकारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. म्हणून मी ती घेतली, वाकले, आभार मानले, दार लावलं आणि चपलांच्या कपाटापाशी बसकण मारली.

"कोण होतं?" माझ्या लेकीने, ट्रीनाने आतून विचारलं.

"इसोगाईकाकू. आपण चाललोय म्हणे."

"कुठे?"

"ते सांगायला त्या विसरल्या."

मी मेर्लिन, मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. जपानात असेहामा गावाच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. पण मी शाळेची नाही आणि गावाचीही नाही. मी ओसाकातल्या एका कंपनीची. लग्नाला भाड्याने पातेली आणतात ना, तशी कंपनी मला गावाला भाड्याने देते. गावही काही कमी नाही. दर मार्चला ते सगळ्या कंपन्यांकडून बंद पाकिटात भाव मागवतं आणि जी स्वस्त पडेल तिला शाळा देतं. निकाल बाहेर येतो तो महिनाअखेर. एप्रिलच्या सुरुवातीला शाळा उघडते. राहतं घर कंपनीच्या नावावर, म्हणजे शाळा गेली की घरही गेलं. जपानात आल्यापासून माझा प्रत्येक मार्च असा तळ्यात-मळ्यात करण्यात जातो. तांदळाची मोठी पिशवी मी कधी आणलेली नाही.

यात भरडली जाते ती ट्रीना. पोर जन्मली इथेच. तिचा बाप नागोयात असतो. असतो म्हणजे, असावा. तिचं इंग्रजी इतकं दिव्य की वर्गात मला मान खाली घालावी लागते, आणि बोलते ती असेहामाच्या कोळणींसारखी. आत्तापर्यंत तिच्या तीन शाळा झाल्या. मागच्या वेळी मैत्रिणी सुटल्या तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती, आणि मी तिला शब्द दिला होता की माध्यमिक शाळेची तीन वर्षं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच गावात. या एप्रिलला ती माध्यमिक शाळेत जाणार होती. शब्द देताना मी कुणाच्या जिवावर दिला होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ओसाकाला फोन लावला. कंपनीत आम्हा शिक्षकांचं सगळं कुवाबारासाहेब बघतात. त्यांचा आवाज नेहमी लोण्यासारखा.

"बाई, अजून काहीच ठरलेलं नाही."

"मग माझ्या शेजारणीने मला निरोप का दिला?"

"त्याबद्दल कंपनीकडे माहिती नाही."

"सामान बांधू का?"

"बांधून ठेवलेलं बरं. पण घाई करू नका."

"म्हणजे अर्धं बांधू?"

"तसं म्हणता येईल," ते म्हणाले. थट्टेने नाही, अगदी विचार करून म्हणाले, आणि मला तेच जास्त झोंबलं. पुढे त्यांनी सांगितलं की आहे तिथेच राहणं शक्य आहे, दोन गावं पलीकडे जाणंही शक्य आहे, किंवा अकिता. अकिता म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, छातीएवढ्या बर्फात.

मग मी उपमुख्याध्यापक त्सुचिमोतोसरांना गाठलं. मार्चमध्ये शाळेतले सगळे मूग गिळून बसतात. कायम नोकरीच्या मास्तरांनाही बदली आधी कानात सांगतात, आणि वर्तमानपत्रात नावं छापून येईपर्यंत शेजारच्या टेबलालाही ती कळता कामा नये असा दंडक. अळीमिळी गुपचिळी. त्सुचिमोतोसर किटलीपाशी चहा गाळत होते.

"सर, पुढच्या वर्षी मी आहे का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुढच्या वर्षी जिन्याला रंग देणार आहेत."

"जिन्याचं राहू द्या, माझं सांगा."

"पाचवीत येणारा वर्ग फार गुणी आहे, बाई."

आता याचा अर्थ काय लावायचा? गुणी आहे म्हणजे तुम्हाला शिकवायला मजा येईल, की गुणी आहे, तुमच्यावाचून अडणार नाही? दिवसभर मी तो वर्ग डोक्यात उलटापालटा करत होते. संध्याकाळी कोंबडीच्या अडोबोत, म्हणजे आमच्याकडच्या रश्श्यात, मीठ दोनदा पडलं.

"खारट झालंय," ट्रीना म्हणाली. "आणि आई, युनिफॉर्मचं माप शनिवारपर्यंतच घेणारेत. वर्गातल्या नागीचं कधीच झालं."

"थांब जरा."

"किती थांबू? शनिवारनंतर ते घेत नाहीत. मग पहिल्या दिवशी सगळ्या युनिफॉर्ममध्ये आणि मी स्वेटरवर?"

"थांब म्हटलं ना!"

तिने ताट उचलून मोरीत ठेवलं. तिचं असं मुकाट ऐकणं मला सोसत नाही. राग कुणावर काढायचा हे कळेना, म्हणून टॉवेलांचा खोका उचलला आणि सरळ इसोगाईंची घंटा वाजवली.

काकू दारात आल्या. आत काका टीव्ही बघत होते. हे काका नगरपालिकेत कामाला. शाळांसाठी कंपन्यांकडून आलेली दरांची पाकिटं त्यांच्याच खात्यात उघडतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं, पण रागाच्या भरात अशा गोष्टी आठवत नाहीत.

"काकू, हे परत घ्या. मी कुठेही जात नाहीये. मला कुणी काही सांगितलेलं नाही, मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आत टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला.

"आमचीच काहीतरी गफलत झाली असेल," काकू हळूच म्हणाल्या. पण खोक्याला त्यांनी हात लावला नाही. "टॉवेल मात्र राहू द्या. टॉवेल काय, कुठेही लागतात."

"मला नकोत."

"बाई," त्या घोटाळल्या. मग अंगणातल्या कुंडीकडे बघत म्हणाल्या, "स्टेशनमागे माझ्या नणंदेचं घर आहे. रिकामंच असतं. घरात माणूस नसला की घर कुजतं हो. कुणी राहिलं तर तिला बरंच वाटेल."

"मला घर आहे."

"हो का," काकू म्हणाल्या, आणि इतक्या खाली वाकल्या की मला त्यांच्या केसांचा भांग दिसला.

घरी परतताना माझी ट्यूब पेटली. ही बाई पाण्याचा ग्लाससुद्धा विचार करून पुढे करते. ती चुकून निरोपाची भेट देईल? काकांना पाकिटात काय निघालं ते दिसलं होतं. तोंड उघडलं असतं तर नोकरीवर गदा आली असती, आणि काकूंनी सांगितलं असतं तरी बोट काकांकडेच गेलं असतं. पण शेजारणीला टॉवेल द्यायला कुठल्या कायद्याने बंदी आहे? आमची कंपनी हरली होती. तेवढं मला वेळेवर कळावं म्हणून ती माउली खोका घेऊन आली, आणि मी तिच्याच दारात जाऊन तिच्यावर तोंड टाकून आले. मला भयंकर लाज वाटली. परत जाऊन माफी मागावी, तर ती कशाबद्दल हे मला उच्चारता येणार नव्हतं.

कंपनी हरली, तर मग जिंकली कोण? हे विचारायची सोय नव्हती. मला ठाऊक असलेल्या दोन कंपन्यांना फोन केला. एकीने जागा भरल्याचं सांगून ठेवून दिला. दुसरी हिरोशिमाची. तिथली बाई असेहामाचं नाव ऐकताच जरा जास्तच गोड झाली.

"तुमचं त्या गावात स्वतःचं घर आहे का? आम्ही राहायची सोय करत नाही."

"म्हणजे असेहामा तुम्हाला मिळालंय?"

"तसं आम्ही काही म्हटलेलं नाही. घर आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

लगोलग स्टेशनमागे गेले. काकूंची नणंद लगतच्या आपल्या राहत्या घराच्या पडवीत मुळे चिरत होती. आम्ही ते रिकामं घर पाहिलं. छताला ओल, न्हाणीघर बाहेर, पण ट्रीनाला एक स्वतंत्र खोली होती.

"नोकरी पक्की आहे ना, बाई? नोकरीशिवाय भाडेकरू ठेवू नकोस, असं मुलगा म्हणतो."

"पक्की आहे," मी म्हटलं.

नोकरीला सांगितलं घर आहे आणि घराला सांगितलं नोकरी आहे. खेळायचे दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करतात, तसं माझं सगळं उभं होतं. हिरोशिमाची बाई म्हणाली, महिनाअखेर कळवू. नणंदबाई म्हणाल्या, मुलाला विचारून सांगते. कुवाबारासाहेब तर काहीच म्हणाले नाहीत. निम्म्या भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं होतं आणि निम्मी रॅकवर होती. सकाळी चहासाठी पातेलं बांधलेल्यातून सोडायचं आणि रात्री पुन्हा बांधायचं, असं चाललं होतं.

शनिवार आला. ट्रीना जोडे घालून दारात उभी राहिली. मी पर्स उचलली.

कपड्यांचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला. मालकीणबाईंनी ट्रीनाला आरशासमोर उभं केलं, नमुन्याचा निळा कोट अंगावर चढवला आणि टेप खांद्यावर धरली. "बाई, कोट मोठाच करायचा ना? तीन वर्षं घालायचाय. आमच्याकडे सगळ्या आया भरपूर वाढवून घेतात. नाहीतर एका वर्षात आखूड होतो."

"मापाचाच..." मी सुरुवात केली आणि फोन वाजला. कुवाबारासाहेब. आवाजात लोणी नेहमीपेक्षा जास्त.

"बाई, आनंदाची बातमी. अकिताची जागा पक्की झाली. शाळा पक्की, घर पक्कं, घरात फ्रिजसुद्धा आहे. फक्त उत्तर आजच हवं. आत्ता दिलंत तर उत्तम."

पक्की. या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी किती मार्च काढले होते.  हो म्हटलं की संपलं सगळं: फोन, खोटं बोलणं, पातेलं बांधणं-सोडणं. आरशात ट्रीनाने माझ्याकडे पाहिलं. तिला एक शब्द ऐकू आलेला नव्हता, पण तिला समजलं. तिने मान खाली घातली आणि कोटाची बटणं काढायला लागली. एकेक, शहाण्यासारखी, सवय असल्यासारखी.

"अकिता नको," मी म्हटलं.

"बाई, असेहामाबद्दल मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही."

"नका सांगू."

"मग एप्रिलमध्ये तुम्ही काय करणार?"

"माहीत नाही."

"राहणार कुठे?"

"तेही नक्की नाही."

"मग तुमचं नक्की आहे तरी काय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. बिचारे खरोखरच गोंधळले होते.

"मुलीचा युनिफॉर्म शिवायला टाकतेय. ठेवते," मी म्हटलं आणि फोन बंद केला.  गाढवपणा केला की शहाणपणा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मालकीणबाई टेप धरून थांबल्या होत्या. "काय करायचं, बाई?"

"तीन वर्षांच्या हिशेबाने करा," मी म्हटलं. "भरपूर वाढवा."

ट्रीनाची बटणांवरची बोटं थांबली. मालकीणबाईंनी तो कोट उतरवून मोठ्या मापाचा चढवला. त्यात पोर पार बुडून गेली.

"आई," ती हात वर करून म्हणाली, "माझे हातच दिसत नाहीयेत."

"दिसतील," मी म्हटलं. "तिसऱ्या वर्षी."