राखेवरच्या रेघा

आईंच्या खुराड्यात चाळीस कोंबड्या होत्या. आईंचा त्यांच्यावर जीव होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या अकलेवर. शाळेचं तोंड जेमतेम दोन वर्षं पाहिलेलं, तरी राख वाचावी ती त्यांनीच. रोज संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या की त्या चुलीतली राख चाळून जमिनीवर पसरत आणि दाराकडे मागे सरत सरत हाताने सारखी करत. सकाळी राखेत पावलं बघायची. उंदीर आला, मुंगूस आलं, सगळी हजेरी लागलेली.

त्या सकाळी तीन कोंबड्या मेलेल्या होत्या. माना पिरगळलेल्या, एकीशेजारी एक, चोची भिंतीकडे. एक घास खाल्लेला नाही. आणि राखेत पाऊल म्हणून नाही.

"जमादारचंच काम हे," मुलगा म्हणाला. जमादार म्हणजे घरचा कुत्रा. "नगरपालिकेची गाडी बोलावली आहे. दुपारी घेऊन जातील."

"नाही हो!" सूनबाई रडकुंडीला आली. तिला आठवा महिना लागला होता. जमादार तिच्या पायाशी अंग चोरून बसला होता. "तो तर माझ्या पायावर झोपला होता."

"तुला झोपेत काय कळतंय, राणी?" मुलगा हसून म्हणाला. आवाज लोण्यासारखा. या आवाजाचं कौतुक आईंनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. माझ्या पोराने आजवर मुंगी मारली नाही, म्हणून.

शेजारचे गुरांचे डॉक्टर कामावर निघाले होते, त्यांना आईंनी हाक मारून आत घेतलं. डॉक्टरांनी कोंबडी उलटसुलट करून पाहिली.

"दातांची खूण तर दिसत नाही. पण आई, न खाता मारणारी जनावरं असतात. कोल्हा खुराड्यात शिरला की दिसेल ती मारतो. माणूसच तेवढा वाईट, असं काही नाही."

"मारतो ना, मारू दे की," आई फणकारल्या. "पण मारून झाल्यावर जमीन सारवून जातो का तुमचा कोल्हा? लाजेने पावलं पुसायला जनावर कधीपासून लागलं?"

डॉक्टर हसले. आईही हसणार होत्या. पण तेवढ्यात त्या राखेवर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

राखेवर बोटांच्या रेघा होत्या, बारीक, नेटक्या. आईंचा हात उजवा, त्यांच्या रेघा उजवीकडे वळत. या उलट्या वळल्या होत्या. मागे सरत राख सारखी करायची रीत त्यांनी एकालाच शिकवली होती. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि डावखुरा.

कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मुलगा दारात उभा होता तोवर एकीनेही आवाज केला नाही.

"सूनबाई, पिशवी भर," आई कंबर धरून उठल्या. "डॉक्टर तुला माहेरी सोडतील. जमादारलाही ने."

"एवढं काय घाईचं आहे, आई?" मुलाने विचारलं.

"पहिलं बाळंतपण माहेरीच बरं. मी म्हणते म्हणून."

दुपारी नगरपालिकेची गाडी रिकामी परत गेली. कोणाला काय सांगायचं? आपल्याच तोंडाने आपलं तोंड काळं करायचं? राखेचं काय, आपलं वय झालं, डोळे फसले असतील. तसंच असू दे, असं आईंनी स्वतःला दहादा सांगितलं. तरी झोपायला जाताना त्यांनी आपल्या खोलीतही, दारापासून पलंगापर्यंत, राख पसरली. आणि पलंगावर बसून, हात पुरेल तिथवर, ती नीट उजवीकडे वळवली.

सकाळी उजाडल्यावर त्यांनी पलंगावरूनच खाली पाहिलं. राख सपाट होती. दारापासून उशीपर्यंत एकही पाऊल नव्हतं.

रेघा सगळ्या डावीकडे वळल्या होत्या.

आई भिंतीला धरून उठल्या, राख तुडवत बाहेर आल्या आणि विहीणबाईंना फोन लावला. आजवर या बाईसमोर त्यांनी आवाज खाली केला नव्हता.

"ताई," त्या म्हणाल्या, "पोरीला परत पाठवू नका. माझा मुलगा न्यायला आला तर दार उघडू नका. हो, माझाच मुलगा. त्याची आई सांगतेय."

फोन ठेवून त्या वळल्या. मुलगा मागेच उभा होता, डावा हात टॉवेलला पुसत.

"झोप लागली का, आई?" त्याने मायेने विचारलं. टॉवेलवर राखेचे डाग होते.