घारापुरीची शेवटची लाँच

माघातली संध्याकाळ ताम्रवर्णी झाली होती. घारापुरीच्या डोंगरावरून ऊन उतरत होते; शिखरावरून, पायऱ्यांवरून, खारफुटीच्या काळसर पानांवरून उतरत होते. दूर, धूसर जळापलीकडे, मुंबईचे मनोरे निराधार उभे होते.

धक्क्यावर शेवटची लाँच थरथरत होती. आणि त्र्यंबकराव कुठेच नव्हते.

खामगावहून समुद्र पाहायला आणलेले वृद्ध सासरे; स्मृती विझत चाललेले, कधी स्वतःचे नावही हरवून बसणारे. लेण्यांतल्या शीतल, शिलाश्याम काळोखात सुनेने, वैजयंताने, त्यांचा हात धरून ठेवला होता. फोटोसाठी तो क्षणभर सोडला. क्षणभरच.

आता ती धावत होती. दुकाने मिटत होती. "मामाजी! मामाजी!" हाक कातळावर आपटत होती, फुटत होती, रिकामी परतत होती.

खाली नवरा, नीलकंठ, लाँच हाकणाऱ्या तांडेलाला विनवीत होता.

"भरती लागलीय, साहेब. जास्त थांबता येणार नाय."

धावता धावता तिच्या मनाच्या तळातून एक विचार वर आला. थंड, कृष्णवर्ण, सरपटता. नाही सापडले तर? ती जागरणे, ती ओली अंथरुणे, त्या शिव्या, सारे संपेल. विचाराने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. ती आणखी वेगाने धावली.

खारफुटीपलीकडे ते दिसले. शुभ्रवसन, कृश, ताठ. गुडघाभर पाण्यात. त्यांच्याभोवती भरती चढत होती, मंद, निःशब्द, अनिवार. आणि ते खोल पाण्याकडेच चालले होते.

वैजयंता चिखलात उतरली. चपला रुतल्या, सुटल्या. शिंपल्यांनी तळवे चिरले. पाणी कमरेला लागले तेव्हा कुठे त्यांचे मनगट हाती आले.

त्यांनी वळून पाहिले. परके, निर्मळ डोळे.

"तू कोण वं बाई?"

"मी... तुम्हाला घरी न्यायला आले."

"उशीर केला तू," ते रुसून म्हणाले. "कवाचा उभा हाओ मी."

"हो, मामाजी. फार उशीर केला."

धक्क्यावर लाँच अजून थांबली होती. अनोळखी हातांनी दोघांना वर ओढून घेतले. नीलकंठ काहीतरी विचारत राहिला. तिने ऐकले नाही. तिच्या खांद्यावर ते भिजलेले, मीठगंधी मस्तक निजले होते, आणि तिची बोटे त्या मनगटाभोवती अजून आवळलेली होती.

धक्का दूर गेला, बेट दूर गेले. मागे लाँचने चिरलेले पाणी अंधारात मिटत होते, मिटत होते, मिटले.